दुसरा सर्जन

"काल रात्रीपासून उपाशी आहात ना, सर?" डॉ. मजीदनं विचारलं.

डॉ. फखरुद्दीननी मान हलवली. भिवंडीतल्या किती पेशंटना त्यांनी स्वतः हा प्रश्न विचारला असेल, गणतीच नाही. आज हिरवा गाउन त्यांच्याच अंगावर, खडे त्यांच्याच पित्ताशयात आणि हत्यारं त्यांच्या शागिर्दाच्या हातात. काय म्हणावं याला!

मागच्या उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या हॉस्पिटलांनी एकत्र बसून ठरवलं होतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं, तर सगळ्यांनी एकाच पद्धतीनं. पित्ताशयाची नळी कापण्याआधी दुसऱ्या हॉस्पिटलातला सर्जन बोलवायचा, त्याला ती टीव्हीवर दाखवायची. तो हो म्हणाला तरच कापायचं. जरा शंका आली, की दुर्बीण बाजूला ठेवून सरळ पोट उघडायचं.

फखरुद्दीन भर सभेत उखडले होते. "माझ्यावर पहारा? अरे, गावात ही दुर्बीण आणली कुणी? तुमच्यातल्या निम्म्यांना टाका घालायला मी शिकवलं!" असं म्हणून तरातरा निघून गेले.

त्या सभेत नियमाच्या बाजूनं पहिला हात वर केला होता मजीदनं. लूम कामगाराचा मुलगा, उस्तादासमोर कधी नजर वर न करणारा, आणि यानंच हात वर करावा! फखरुद्दीननी तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

मग ऑपरेशनला नेमके त्याच्याच कामतघरच्या हॉस्पिटलात का आले? बायको, खदीजा, हेच विचारून दमली. "मुंबईला चला ना! तिथले डॉक्टर काय संपले?"

"घराजवळ बरं पडतं," एवढंच ते म्हणाले.

खरं कारण सांगायची हिंमत नव्हती. सभेच्या आधी राहनाळच्या गुणाबाईचं पित्ताशय काढताना त्यांनी भलतीच नळी कापली होती. बाई हळदीसारखी पिवळी पडली आणि गेली. "कावीळ आधीचीच होती," असं त्यांनी घरच्यांना सांगितलं, आणि त्या भल्या माणसांनी वर त्यांनाच हात जोडले. त्या दिवसापासून नळीला चिमटा लावण्याआधी ते तीनतीनदा थांबून पाहायचे. नियम बरोबर आहे, हे त्या सभेत त्यांच्याइतकं कुणालाच पटलं नव्हतं. पण तोंडानं कबूल कसं करणार?

मजीद नियमाला पक्का. तो न सांगताच दुसरा सर्जन बोलवील, म्हणून मजीद.

तरी राहवेना. "आज कोणी येणारे का थिएटरात?" त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

मजीदनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही काळजी करू नका. मला समजतं."

"नाही, म्हणजे आलं कोणी, तर माझं काही..."

"मला समजतं, सर."

स्ट्रेचर पॅसेजमधून निघालं. थिएटरच्या दाराशी डॉ. कुबरा दिसल्या. खारबाव रोडच्या हॉस्पिटलातल्या सर्जन. बाहेरच्या चपला काढून थिएटरच्या स्लिपर शोधत होत्या. फखरुद्दीननी तोंड फिरवलं. रुबाब राखायला नको? पण जीव अगदी भांड्यात पडला. पोरगा खरंच समजदार निघाला.

आतला दिवा लागला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हातात सुई टोचली आणि औषध सोडलं. मजीद त्यांच्या कानाशी वाकला. त्याचे डोळे भरून आले होते.

"सर, त्या दिवशी सभेत मी तुमचं मन दुखावलं. मला माफ करा. बाकीच्यांना नियम ठीक आहे. पण माझ्या उस्तादांना हात लावायला मी दुसऱ्या कुणाला विचारू? तौबा!"

फखरुद्दीननी ओठ उघडले. जीभ हलेना. बोट उचलायला गेले, तर हात कुठे आहे तेच कळेना.

"निश्चिंत झोपा, सर," मजीद हळूच म्हणाला. "सिस्टरनी नेहमीसारखं कुबरा मॅडमना बोलावलं होतं, त्यांना मी आत्ताच परत पाठवलं."