पानगळीची सहल

सकाळी अंगण झाडून बापाने वाळक्या पानांचा मोठा ढीग रचला आणि दोन्ही पोरांनी त्यात धाडकन उड्या मारल्या. "कंबरडं मोडलं माझं झाडून! पुन्हा पाय ठेवलात तर याद राखा!" शेजारी खिडकीत येईपर्यंत तो ओरडला.

मग दरवर्षीप्रमाणे पोरांना पानगळीची मजा दाखवायला त्यानेच सगळ्यांना गाडीत कोंबलं. वाटेत धाकटी दोनदा ओकली, बायकोने दोनदा सीट पुसली. पण बागेतला पानांचा ढीग बघून याला अगदी भरून आलं. "हे खरं बालपण! मारा रे उड्या!" फोन सरसावत तो म्हणाला. पोरं मात्र जागची हलेनात.



धाकटीने हळूच विचारलं, "बाबा, हा ढीग कुणाच्या बाबांचा आहे?"