ललितचं शहर

“सेल काढला की शहर गेलं. मग ते कुणालाच परत आणता येणार नाही,” नवनाथ म्हणाला.

नाशिक रोडला बिटको चौकाजवळच्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात गेमची करडी कॅसेट उघडी पडली होती. आत बटणाएवढा एक सेल. ललितने व्हिडिओ गेमवर बांधलेलं अख्खं शहर अठ्ठावीस वर्षं त्या सेलच्या जिवावर टिकून होतं. आताशा शहराच्या एका कोपऱ्यात घरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसायला लागली होती, म्हणून कॅसेट दाखवायला आणली होती.

“आणि सेल नाही काढला तर?” ललितच्या धाकट्या भावाने, गोरक्षने विचारलं.

“महिनाभर चालेल, नाहीतर उद्याच जाईल. त्यानंतर नवीन शहरही जपून ठेवता येणार नाही.”

“नसेना. पुढच्या रविवारपर्यंत टिकलं तरी पुरे. लावून टाक परत.”

पुढच्या रविवारी ललितचं वर्षश्राद्ध होतं. जेवणं झाली की हॉलमधल्या टीव्हीवर सगळ्यांना शहर दाखवायचं, असं गोरक्षने ठरवलं होतं. नातेवाइकांत त्या शहराचं कौतुक होतंच. साडेपाच लाख वस्ती. रस्त्यांवर गर्दी नको म्हणून जिकडे तिकडे रेल्वे. कारखाने सगळे नदीपलीकडे, धूर घरांवर येणार नाही असे. नोटप्रेसमधला साधा माणूस, पण डोकं बघा, असं लोक म्हणायचे. ललित गेला तेव्हापासून गोरक्ष कुणाला बटणाला हात लावू देत नव्हता. दर महिन्याला येऊन तो गेमला ताजा हार घालून जायचा.

ललितची बायको रोहिणी इतका वेळ स्टुलावर बसून ऐकत होती.

“सेल बदला,” ती म्हणाली.

“वहिनी, अहो, सगळं पुसलं जाईल.”

“ऐकलं मी. बदला.”

गोरक्षचा आवाज चढला. “दादाची एवढ्या वर्षांची मेहनत आहे ती! असं शहर उभं करायला काय लागतं, तुम्हाला काय कळणार?”

रोहिणी उठून उभी राहिली.

“तुमच्या दादांनी तीन शहरं बुडवली, भाऊजी. एक तर आगीत गेलं. मग वैतागून त्यांनी गेम माळ्यावर टाकला. मी तो खाली काढला. ते सकाळी सातला प्रेसला जायचे. स्वयंपाक आवरला की मी गेमपुढे बसायचे.”

गोरक्ष काही बोलणार होता. तिने त्याला बोलू दिलं नाही.

“वस्ती पाच लाखांवर गेली, तेव्हा त्यांचे प्रेसमधले मित्र घरी आले होते. ‘कुणी बांधलं रे?’ त्यांनी विचारलं. हे म्हणाले, ‘मी.’ मी आत चहा गाळत होते. वाटलं, आता हसतील आणि सांगतील. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मीही बोलले नाही. घरातल्या घरात कशाला तमाशा, म्हणून. चुकलंच माझं.”

नवनाथच्या हातातली सोल्डरची गन तापून धूर सोडत होती. त्याने रोहिणीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. त्याने सेल उचकटून काढला आणि काउंटरवर ठेवला.

गोरक्ष त्या सेलकडे बघत राहिला.

“रविवारी माणसं येतील, वहिनी,” तो शेवटी म्हणाला. “त्यांना काय दाखवायचं आता?”

“मोकळी जमीन दाखवा,” रोहिणी म्हणाली. “आणि त्यांना म्हणावं, बसा. मला बांधताना बघा.”