लाँड्रीवर आलेला फोन

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट इवलीशी आहे, पण अंगावर काटा आणील अशी.

ग्राहकांची माहिती जपायचा नवा कायदा आला, तेव्हा लाँड्रीच्या मालकानं तयारीसाठी एक सल्लागार बोलावला. काउंटरवरच्या मावशींच्या पोटात काही म्हणून राहत नसे. सल्लागार त्यांना म्हणाला, "मावशी, मी कधीही, कुणीही बनून फोन करीन. कुणाचा पत्ता सांगितलात की नापास!"

"आणि मग काउंटरवरून उचलबांगडी," मालकानं पुस्ती जोडली.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. आवाज मोठा गोड. बायकोचं नाव सांगून म्हणाला, "माझ्या बायकोचे कपडे तुमच्याकडेच येतात ना? रुसून गेलीय हो. पत्ता दिलात तर संसार सावरेल माझा."

मावशींचा जीव कळवळला. एरवी त्यांनी मजला आणि दाराचा रंगसुद्धा सांगितला असता. पण परीक्षा आठवली आणि त्या खुदकन हसल्या. "दादा, नाटक झकास! पण अशी कुणी बाई आमच्याकडे येतच नाही."

संध्याकाळी सल्लागार आला. "झाले ना मी पास?" मावशींनी ऐटीत विचारलं.

"कशात? मी अजून फोन केलाच नाही."

मावशींनी घाबऱ्याघुबऱ्या होऊन त्या बाईला फोन लावला. नवऱ्याचा फोन आल्याचं ऐकताच ती म्हणाली, "मावशी, पत्ता नाही ना दिलात? मागच्या वेळी त्याला सापडले, तेव्हा मरता मरता वाचले मी."

मावशींनी फोन ठेवला. "मी कसली राखणार हिला," त्या पुटपुटल्या, "राखणारा वेगळाच."

आज देवापुढे बसाल, तेव्हा त्या लेकीची आठवण ठेवा. नाव मात्र विचारू नका. मावशींनी ते मलाही सांगितलेलं नाही.