जेवणाआधी

आई सुंदरबाई वारली आणि तेव्हापासून आठ वर्षांची मार्था जेवणाआधी प्रार्थना म्हणेना. डोळे मिटून नुसती बसायची. घोड्यावरून त्यांच्या गावी, उमापूरला आलेले ख्रिस्ती पाळक तिच्या बापाला, शिमोनला म्हणाले, "पोरीवर जबरदस्ती करू नका. धीर धरा, देवावर सोडा."

शिमोनने चार महिने धीर धरला. एके दिवशी ताटातली भाकरी निवून गेली, तेव्हा मात्र त्याने विचारलं, "कावून म्हणंनास गं?"

मार्थाने डोळे उघडले. "आईनं सांगितलं व्हतं, 'मी गेल्यावर तुजा बा देवावर रुसंल, प्रार्थनाच म्हणणार न्हाई. लई दिस लागतील. त्यो सुरू करंपर्यंत तू थांब, पर त्येच्यावर रागावू नको.'"

मग ती म्हणाली, "मी एकदाबी रागावले न्हाई, बा."