राणीचे ठिपके

गोल्डफिशची बरणी पोटाशी धरून नात आजोबांच्या प्रयोगशाळेत शिरली. माशांच्या रोगांचं संशोधन करण्यात आजोबांचे केस पिकले होते. “आजोबा, राणीच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत! दादा म्हणतो, तिला टाकून दे, नाहीतर टाकीतल्या राजालाही लागण होईल.” आजोबांनी कालवांचा ट्रे बाजूला सारून हात धुतले. “आधी बघायचं, मग रडायचं. हे भिंग घे. ठिपके कुठे आहेत?” नातीने नाक पुसलं. “कल्ल्यांच्या झाकणांवर. पुढच्या परांच्या कडेला.” “शेपटीवर? पाठीवर?” “एकही नाही.” “रोगाचे ठिपके अंगभर कुठेही उठतात. हे कसे शिस्तीत बसलेत! अगं, गोल्डफिशचे नर वयात आले, की असेच नटतात.” “नर? आमची राणी?” नात हसता हसता एकदम थबकली. “मग राजाचं पोट कशाने फुगलंय?” आजोबांनी कोट खुंटीला अडकवला. “चल घरी, राजाचं बाळंतपण करायचंय!”