देशकर बाबूंचं टेबल

"बसा ना ताई. आता तुमचीच हाये ते खुर्ची," अंकुश शिपाई म्हणाला आणि त्याने खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल झटकून पुन्हा नीट घातला.

इला बसली. टॉवेल निळ्या काठांचा होता, घरूनच आलेला. बाबांच्या जागी तिला अनुकंपेवर घ्यायला कचेरी तयार होती. सोमवारी होकार किंवा नकार कळवायचा होता. सेवाग्रामच्या दवाखान्यातली लॅब तिला आवडायची, पण ती नोकरी कंत्राटी. ही पक्की. आईचं रोज तेच टुमणं. म्हणून आज रजा टाकून ती नुसती जागा पाहायला आली होती. तिने मोबाइल टेबलावर ठेवला.

"कसं आहे हो इथलं वातावरण?"

"लय शांत," अंकुशने तिच्यापुढे चहा ठेवला. "कोनी कोनाले तरास देत नाई. आता तुमच्या बाबाचंच, देशकर बाबूचंच घ्या. काय सोन्यासारखं मरन आलं! कोनाले पत्ताच नाई लागला."

"म्हणजे?"

"डबा खाल्ला अन् मान खाली घालून बसले. आमाले वाटलं, डुलकी लागली. मी चहा ठेवला. थंडा झाला तं दुसरा आनून ठेवला. फायली येऊन राह्यल्या होत्या, त्या ठेवत गेलो. संध्याकाळी कुलूप लावाले आलो, तवा हात लावला." त्याने स्वतःचंच मनगट धरून दाखवलं. "गार."

कचेरीतून घरी सांगितलं होतं, छातीत कळ आली आणि लगेच दवाखान्यात हलवलं.

"त्यांचा फोन वाजला असेल," इला म्हणाली. त्या दुपारी आई त्यांना सारखी फोन लावत होती, येताना संत्री आणा म्हणून. मग म्हणाली होती, जाऊ दे, कामात असतील.

"वाजला ना. लय वाजला. त्या पलीकडच्या टेबलावरच्या दिपाली मॅडम म्हने, वाजू दे, झोपमोड नोको करू." अंकुश मायेने हसला. "सगळ्यायचा जीव होता त्यायच्यावर."

आतून साहेबांची घंटी वाजली. तो गेला.

खोलीत टेबलं होती, त्यांवर वाकलेल्या माना होत्या. इलाचीही मान खाली गेली.

मोबाइल वाजू लागला. आई. इलाने हात पुढे केला आणि मागे घेतला. ती तशीच बसून राहिली, न हलता. फोन थांबला. पुन्हा वाजू लागला. कुणीही वर पाहिलं नाही. चहावर साय धरली.

दिपाली मॅडम स्वतःच्या मोबाइलवर बोलत उठल्या. येऊन त्यांनी एक फाइल टेबलावर ठेवली, नेमकी फोनवर, आणि बोलत बोलतच परत गेल्या.

फाइलखाली फोन वाजत राहिला.