न प्यालेली कॉफी
आखातातल्या जिदहफ्स गावच्या हाजीबाबांच्या खजूरबागेखालून कंपनीची गॅसवाहिनी गेली होती. यंदा जमिनीच्या मोबदल्यातून साहेबांनी दुरुस्तीचा खर्च कापला होता. करारात तसं नव्हतं, हे हिशेब टाइप करणाऱ्या अंजनाला ठाऊक होतं. पण रोज पंचशील म्हणणारी जीभ साहेबांपुढे रेटली नव्हती. आज हाजीबाबा त्या हिशेबावर सही करायला आले. तिने दिलेली कॉफी त्यांनी न पिताच खाली ठेवली आणि ते तिच्याकडे बघत बसले. “गार झाली वाटतं, बाबा,” म्हणत तिने कप बदलला. तोही तसाच राहिला. “खलास, बेटी, झालं,” म्हणत सही करून ते गेले. “ताई, काही मागायचं असलं की इथली माणसं कॉफी अशीच ठेवतात, शब्द मिळेपर्यंत पीत नाहीत,” भरलेला कप बघून सहकारी प्रज्योत हळहळला. “‘प्या, मी साहेबांशी बोलते’ एवढंच म्हणायचं होतं.” अंजना दाराकडे धावली, पण त्यांची गाडी निघाली होती. तो भरलेला कप बेसिनमध्ये ओतायला तिचा हात धजेना.